पौषातलं लॉन, तिळाची भाकरी आणि सोळा हजार पेंटबॉल

११ आणि १२ जानेवारी २०२५ ला आम्ही मुळशी तालुक्यात दहा संघांची पेंटबॉल स्पर्धा भरवली. दोन दिवस, साठ खेळाडू, चोवीस सामने. पेंटबॉल म्हणजे गॅसवर चालणाऱ्या बंदुकीने रंगाच्या गोळ्या मारून समोरच्याला बाद करायचा खेळ. आम्ही म्हणजे पुण्यात नोकऱ्या करणारे आठ जण. गेली चार वर्षं शनिवार-रविवार खेळतो, पण स्पर्धा भरवायचा अनुभव आमच्यापैकी एकालाही नव्हता. जागा आणि जेवण या दोन गोष्टी माझ्याकडे आल्या, आणि त्यात माझे पाच महिने गेले. आता हिशोब पूर्ण झालाय, तर सगळं आठवतंय तोवर लिहून काढते. दुसऱ्या कोणाला असं काही करायचं असेल तर त्याच्या निदान चार चकरा तरी वाचाव्यात.

ऑगस्ट २०२४ मध्ये विषय निघाला. आमचा पहिला विचार सरळ होता. तयार पेंटबॉल मैदानं आहेतच, त्यातलं एक दोन दिवसांसाठी घ्यायचं. सप्टेंबरभर मी तीन ठिकाणी फिरले. तिथे साधारण पन्नास बॉलचं पॅकेज माणशी विकतात आणि त्यावर जादा बॉल महाग लावतात. सहलीला आलेल्या ग्रुपला ते परवडतं. स्पर्धेत एका खेळाडूला दोन दिवसांत अडीचशेच्या आसपास बॉल लागतात, तेव्हा तोच हिशोब डोक्यावरून जातो. एका ठिकाणचा आकडा जीएसटी धरून तीन लाख दहा हजार आला. त्यातही जेवण त्यांच्याच हॉटेलातून घ्यायचं, ताटाला साडेसहाशे, आणि बाहेरून पाण्याची बाटलीसुद्धा आणायची नाही. मी विचारलं, जेवण वगळून दर द्याल का? नाही म्हणाले. त्यांचा धंदा तसाच चालतो, हे मला समजतं. पण आमची प्रवेश फी संघाला तीस हजारांवर गेली असती, आणि निम्मे संघ तिथेच गळाले असते.

म्हणून ठरवलं, जागा मोकळी घ्यायची आणि मैदान आपण उभं करायचं. मार्कर आणि मास्क भाड्याने देणारा एक जण मिळाला होता. खेळणारे बंदुकीला मार्करच म्हणतात, आणि या एका शब्दाचा पुढे पोलीस ठाण्यात मला फार उपयोग झाला.

ऑक्टोबर जागा बघण्यात गेला. भूगाव, पिरंगुट, पौड, तिकडे सूस, खाली खेड शिवापूरपर्यंत. फार्महाऊस पाहिली, शाळेचं एक मैदान पाहिलं, एका ओळखीच्यांचं पडीक शेत पाहिलं. शेत तर फुकट मिळत होतं आणि आमचे सगळे त्यावर खूश होते. मी तिथे दुपारी दोनला गेले. सावली नाही, संडास नाही, पाणी अर्ध्या किलोमीटरवर विहिरीला, आणि ॲम्ब्युलन्स आत येईल असा रस्ता नाही. सोबतच्या मैत्रिणीने फिरतं शौचालय, टँकर, मांडव, जनरेटर असे आकडे मोबाईलवर मांडले, तर फुकटच्या शेताचे अठ्ठेचाळीस हजार झाले. त्या दिवसापासून मी कुठलीही जागा बघायला गेले की भाडं शेवटी विचारायची. आधी नळ सोडून बघायची, मग संडास मोजायचे, मग विचारायचं की दुपारी बाराला सावली कुठे पडते. पेंटबॉलमध्ये माणसं डोक्यापासून पायापर्यंत रंगलेली असतात आणि त्याच हातांनी जेवायला येतात. पाणी नसेल तर जागाही वाया आणि जेवणही वाया.

लॉनचा विचार आमच्या सासूबाईंनी सुचवला. मी रात्री वही घेऊन बसले होते तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अगं, पौषात लग्नं नसतात. मंगल कार्यालयं ओस पडलेली असतात. तिथे विचार की.’ मी कालनिर्णय उघडलं. पौष महिना ३१ डिसेंबर ते २९ जानेवारी. थंडीचे दिवस, पावसाची भीती नाही, आणि लॉनवाल्यांकडे लग्नांची गर्दी नाही. लॉनवर सगळं आयतं असतं. हात धुवायच्या बेसिनांची रांग, दहा-बारा संडास, मागे स्वयंपाकाची शेड, पार्किंग, वीज, दोन बंद खोल्या.

तरी पहिल्या चौघांनी नकार दिला. पेंटबॉल म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर ऑइलपेंट यायचा. ९ नोव्हेंबरला, तुळशीच्या लग्नाच्या काही दिवस आधी, पाचव्या लॉनवर मालक नाना भेटले. वीस गुंठ्यांचं लॉन, भोवती दहा फुटी भिंत, रस्त्यापासून आत. तोंडी समजावण्यात वेळ न घालवता मी पर्समधून दोन बॉल काढले आणि त्यांच्या परवानगीने एक कडेच्या गवतावर पायाने फोडला. पिवळा रंग उडाला. तांब्याभर पाणी ओतलं, तो धुऊन गेला. आत पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि खाण्याचा रंग असतो, तो पाण्यात विरघळतो. नाना खाली वाकले, बोटाने गवत चोळून बघितलं, वास घेतला आणि म्हणाले, ‘सीझनला दिवसाचे पंच्याऐंशी हजार घेतो. पौषात तुम्ही दोन दिवसांचे तीस द्या. आदल्या दिवशी दुपारपासून बांधाबांध करा. डिपॉझिट वीस.’ मी लगेच हो म्हणून पाच हजार दिले. पावती मागितली, ती त्यांनी छापील दिली. त्यावर तारखा, वेळ, आणि ‘स्वयंपाक बाहेरचा चालेल’ हे वाक्य मुद्दाम लिहून घेतलं. हे वाक्य तुम्हीही लिहून घ्या. पुष्कळ लॉनचा ठरलेला केटरर असतो आणि ते ऐनवेळी कळतं.

परवानग्यांचं प्रकरण निवडणुकीत अडकलं. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली होती, २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. त्या काळात पोलीस ठाण्यात कोणाला आमच्या खेळासाठी वेळ असणार? निकालाचा आठवडा उलटल्यावर २८ नोव्हेंबरला मी गेले. अर्ज वाचून पहिलाच प्रश्न आला, जागा नक्की आमच्या हद्दीत आहे का? लॉन दोन ठाण्यांच्या शिवेवर. एकाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. शेवटी नानांकडून सातबारा आणला, गट नंबर दाखवला, तेव्हा हद्द ठरली. गावाकडची जागा असेल तर अर्जासोबत सातबाऱ्याची प्रत लावूनच जा. माझा दीड दिवस आणि ऑफिसची एक रजा त्यात गेली.

ज्यांच्या टेबलावर अर्ज आला त्यांनी मार्करचा फोटो बघितला आणि म्हणाले, ‘मॅडम, ही बंदूकच दिसतेय की.’ त्यांची काळजी रास्त होती. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदी आदेश लागू असले की हत्यारं बाळगायला मनाई असते, आणि २६ जानेवारीही जवळ येत होती. त्यांनी वस्तू घेऊन यायला सांगितलं. २ डिसेंबरला मी एक मार्कर गॅसची टाकी काढून, नळीला कापडी टोपी लावून, बंद बॅगेत घेऊन गेले. मी त्यांना सांगितलं की हे अवजार मुळात अमेरिकेत झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करायला बनवलं होतं. १९८१ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या जंगलात बारा जणांनी त्यानेच पहिला खेळ खेळला, आणि जो जिंकला त्याने एकदाही गोळी उडवली नाही. एक हवालदार बॉल बोटांत धरून दाबत होते. गोळी औषधाच्या कॅप्सूलसारखी लागते, मऊ, किंचित तेलकट. ‘ही लागली तर काय होतं?’ वळ उठतो, डोळ्यावर लागली तर डोळा जाऊ शकतो, म्हणून मैदानात मास्क काढणाऱ्याला त्याच क्षणी बाहेर काढतो, असं मी सरळ सांगितलं. काही लपवलं नाही, आणि त्यामुळेच त्यांचा विश्वास बसला असं मला वाटतं.

त्यांनी चार अटी घातल्या. रस्त्यावरून काही दिसता कामा नये. लष्करी छापाचे कपडे घालून कोणी लॉनबाहेर फिरायचं नाही. मार्करची ने-आण बंद बॅगेतून. स्पीकर कमी आवाजात आणि संध्याकाळी सहाला बंद. रात्री दहाची मर्यादा कायद्याने असतेच, पण शेजारी वस्ती होती. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला त्याआधी हवा होता. ग्रामसेवक दोन गावांचे, आमच्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार. तिसऱ्या फेरीत दाखला मिळाला, पाचशे रुपयांची पावती. पोलिसांचं पत्र २० डिसेंबरला हातात पडलं. तोवर अकरा वेळा पिरंगुटच्या घाटातून गेले-आले होते. पेट्रोलचा खर्च मी हिशोबात धरला नाही. तुम्ही धरा.

आता जेवण. शहरातल्या केटररचे दर ताटाला चारशे वीस ते चारशे ऐंशी होते. पदार्थ लग्नातलेच, पनीर, पुलाव, गुलाबजाम. खेळाडूने बारा वाजता पनीर आणि गुलाबजाम खाल्ले तर एक वाजता तो गुडघ्यावर रांगू शकत नाही. नानांच्या पत्नीने त्याच गावातल्या महिला बचत गटाचं नाव सांगितलं. ग्रामसभेचं, शाळेच्या कार्यक्रमाचं जेवण त्या करतात. ८ डिसेंबरला त्यांच्याकडे गेले. गटाच्या अध्यक्ष ताईंनी भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र दाखवलं, अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नंबर त्यावर होता. २०२४ मध्ये लहान व्यवसायाला या नोंदणीची फी वर्षाला शंभर रुपये होती, त्यामुळे कोणी ‘आम्हाला ते परवडत नाही’ म्हणालं तर तिथून उठा. साठ खेळाडूंपैकी दहा जणांचं पोट बिघडलं तर स्पर्धा संपली.

ताईंनी दर सांगितला, नाश्ता, जेवण आणि दोनदा चहा मिळून माणशी दोनशे साठ. मी घासाघीस केली नाही. त्याऐवजी विचारलं, ‘जेवण पंगतीने नको, तुकड्यांनी लागेल. बारापासून अडीचपर्यंत, एका वेळी दोन संघ. जमेल?’ इथे त्या जरा थांबल्या. एकदम पंच्याऐंशी पानं वाढणं त्यांच्या हातचं होतं. पण अडीच तास सगळं गरम ठेवायचं म्हणजे दोन बायका जास्त लागणार. आम्ही दर तोच ठेवला आणि वाढायला आमचे चार स्वयंसेवक देऊ केले. निम्मे पैसे किराण्यासाठी आगाऊ, निम्मे रविवारी संध्याकाळी, गटाच्या शिक्क्याच्या पावतीवर.

२२ डिसेंबरला, रविवारी, आम्ही चव बघायला गेलो. खरं तर ती रंगीत तालीमच होती. आमचे आठ जण आणि एका संघाचे सहा, सकाळी खेळून थेट तिथे जेवायला. तेव्हाच कळलं की पोळी-भाजी हाताला रंग असताना जमते, पण लोक हात नीट धुतच नाहीत, नुसते पँटला पुसतात. म्हणून ताटांच्या टेबलाच्या आधी साबण आणि पाणी घेऊन एक स्वयंसेवक उभा करायचा ठरलं, हात बघूनच ताट द्यायचं. पाण्याच्या जारच्या तोटीला कोणी हात लावायचा नाही, एकाने ओतून द्यायचं. सामन्यांच्या मध्ये खायला केळी आणि गुडदाणी, प्यायला मीठ-साखरेचं लिंबूसरबत. दुपारी ताक. शनिवारी पोळी, मटकीची उसळ, वरण-भात, कोशिंबीर. काही संघांनी चिकन मागितलं होतं. मी नाही म्हटलं, कारण अडीच तास बाहेर ठेवलेल्या चिकनची जबाबदारी मला घ्यायची नव्हती. त्याऐवजी उकडलेली अंडी वेगळ्या टेबलावर, दहा रुपयांना एक.

रविवारचा बेत ताईंचा. ‘सोमवारी भोगी आहे. रविवारीच भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी करू का? घेवडा, गाजर, वांगं, हरभरा, सगळं आत्ता शेतात आहे, स्वस्त पडतं.’ मला नाही म्हणायचं कारणच नव्हतं.

प्रवेशअर्जात आम्ही जेवणाचा रकाना ठेवला होता. सात जण जैन जेवण लिहून आले, म्हणजे कांदा-लसूण-कंद नाही. त्यांच्यासाठी वेगळं पातेलं, वेगळा डाव आणि त्यावर चिकटवलेली पांढरी पट्टी. त्यातल्याच एकीने फोनवर विचारलं, ‘ताई, बॉलचं कवच कशाचं असतं?’ कवच जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. मास्कच्या जाळीतून शिंतोडे तोंडात जातात, हे प्रत्येक खेळाडूला माहीत आहे. मी पुरवठादाराला विचारून खात्री केली आणि सातही जणांना जसं आहे तसं कळवलं. पाच जण म्हणाले, खेळतो. एकाने माघार घेतली, त्याचे पैसे परत केले. विचारणारी मुलगी खेळली नाही, पण दोन्ही दिवस पंचांच्या टेबलावर गुण लिहायला बसली. ही माहिती आम्ही अर्जातच द्यायला हवी होती. तुम्ही द्या.

शुक्रवारी, १० जानेवारीला दुपारी एकला लॉन ताब्यात मिळालं. वीस गुंठ्यांपैकी साधारण नऊ गुंठ्यांत मैदान आखलं, १२० फूट बाय ८०. जाळी नवीन घेतली असती तर बजेट कोलमडलं असतं. शेजारच्या गावातल्या नर्सरीवाल्याची शेडनेट दोन दिवसांसाठी चार हजारांनी मिळाली. बांबू आणि मजुरी साडेदहा हजार. बारा फूट उंच, सगळीकडे दुहेरी. एकेरी जाळीवर तीस फुटांवरून मारून बघितलं होतं, बॉल अडत होता पण फुटून रंग पलीकडे येत होता. प्रेक्षकांसाठी जाळीपासून दहा फुटांवर दोरी बांधली, आणि दोरीच्या आतल्या प्रत्येकाला मास्क. आडोशाला टायर आणि निळे प्लास्टिकचे पिंप. टायर चिंचवडच्या एका दुकानाने दिले, वर वीस हजारांची मदतही केली.

लॉनवर वाघ्या नावाचा कुत्रा होता. पेंटबॉलचा रंग माणसाला अपाय करत नाही, पण कुत्र्याने बॉल खाल्ले तर आतला ग्लायकॉल आतड्यात पाणी ओढतो, रक्तातलं मीठ वाढतं, झटके येऊ शकतात. नानांना हे सांगितलं, त्यांनी दोन दिवस त्याला घरी नेऊन बांधलं. प्रत्येक सामन्यानंतर न फुटलेले बॉल वेचायला दोन मुलं ठेवली, आणि वेचलेले बॉल परत वापरायचे नाहीत असा नियम केला. माती लागलेला बॉल नळीत अडकतो.

शनिवारी सकाळी साडेसातला बारा अंश होते. गवतावर दव, हात खिशातून काढवत नव्हते. बॉलचे आठ खोके, प्रत्येकी दोन हजार, रात्रभर टेम्पोत राहिले होते. साडेआठला पहिला सामना सुरू झाला आणि पहिल्या मिनिटात चार मार्करमधून बॉलऐवजी रंगाची पिचकारी आली. जिलेटिन थंडीने कडक होऊन नळीतच तडकत होतं. त्यात गॅसही थंड, कार्बन डायऑक्साइडचा दाब थंडीत उतरतो, त्यामुळे वेगाचं मोजमाप प्रत्येक मार्करचं वेगळं. आम्ही वेगाची मर्यादा सेकंदाला २७० फूट ठेवली होती, काही २२० ला अडकले होते. सामना थांबवला. एका संघाचा कप्तान माझ्यावर चिडला, आणि त्याचं बरोबरच होतं, तो पहाटे नगरहून निघून आला होता. मी त्याला खोके दाखवले, बॉल हातात दिला. त्याने तो टायरवर टाकला, काचेसारखा फुटला. मग तोच बाही वर करून नळ्या पुसायला बसला.

आम्ही सगळे खोके वधूपक्षाच्या खोलीत नेले, दार लावलं, दोन हॅलोजन लावले. तासाभरात बॉल ताळ्यावर आले. पहिला सामना पुन्हा सुरू झाला तेव्हा नऊ पन्नास झाले होते. या वेळात आम्हाला तारलं ते बचत गटाने. पोहे बघता बघता संपले होते, कारण रिकामी बसलेली माणसं दुसऱ्यांदा घेत होती. ताईंनी काही न विचारता तांदूळ बाजूला ठेवून आणखी सात किलो पोहे भिजवले, चहाचं आधण परत चढवलं. जेवण बाराऐवजी एकला सुरू केलं, साडेतीनला शेवटचा संघ जेवला, तरी वरण वाफाळत होतं. बाहेरच्या केटररने ठरलेल्या वेळी ताटं मांडली असती आणि निघून गेला असता. शनिवारचे चौदाच्या चौदा सामने पावणेपाचला संपले. सहाचा स्पीकर बंद करायचा वायदा पाळला.

रविवारी खोके रात्रभर त्याच खोलीत गोधड्यांखाली होते, आणि सुरुवात नऊला ठेवली. एकही बॉल नळीत फुटला नाही. थंडीत स्पर्धा असेल तर बॉल माणसांसोबत घरात झोपवा.

रविवारच्या जेवणाबद्दल थोडं जास्त लिहिते. मागच्या शेडमध्ये तीन चुली मांडलेल्या, वारा लॉनच्या उलट दिशेला. तीन ताया भाकऱ्या थापत होत्या, परातीत तीळ पसरलेले, थापलेली भाकरी तिळावर दाबायची आणि तशीच तव्यावर. वरून पाण्याचा हात फिरला की तीळ तडतडायचे. एका तुकडीला वीसेक भाकऱ्या लागायच्या. गुणफलकाजवळचा मुलगा धावत येऊन सांगायचा, ‘अजून दोन सामने, मग दोन संघ येतायत,’ की पीठ मळायला घ्यायचं. कोणाचंही ताट गार भाकरीचं गेलं नाही. लोण्याचा गोळा, भोगीची भाजी, मुगाची खिचडी. पिंपाआडून उठून आलेली, कपाळावर मास्कचा वळ उमटलेली मुलं उकिडवी बसून जेवत होती. नगरचा तो कप्तान तीन भाकऱ्या खाऊन शेडमध्ये गेला, ताईंना नमस्कार केला आणि तीळ कुठून आणले ते विचारून आला.

अंतिम सामना साडेतीनला झाला. कोण जिंकलं ते संघांना माहीत आहे, इथे हिशोब लिहिते. बॉल ५६,०००. मार्कर आणि मास्क २२,०००, गॅस ६,०००. लॉन ३०,०००. जाळी, बांबू, मजुरी १४,५००. जेवण ४४,२००. ॲम्ब्युलन्स दोन दिवस उभी, १०,०००. जार, साबण, सटरफटर ३,८००. चषक आणि फलक ९,५००. एकूण १,९६,०००. संघाला १८,००० प्रमाणे १,८०,००० जमले, त्यावर टायरवाल्यांचे वीस हजार. माघार घेतलेल्या खेळाडूच्या जागी त्याच्या संघाने दुसरा आणला, त्यामुळे परत केलेले तीन हजार भरून निघाले. उरले चार हजार. त्यातले अडीच हजार डिपॉझिटमधून कापले गेले. गवतावरचा रंग पाण्याने गेला, पण कंपाउंडच्या चुन्याच्या भिंतीने तो पिऊन घेतला होता, तीन ठिकाणी गुलाबी डाग राहिले. भिंत चुन्याची असेल तर त्या बाजूला जाळीमागे ताडपत्री लावा, आणि पुरवठादाराला फक्त पिवळे बॉल द्यायला सांगा. आमच्या आठपैकी दोन खोक्यांत गुलाबी आले होते आणि मी ते उघडून बघितले नव्हते.

सोमवारी भोगीला सकाळी मी आणि दोघे जण परत गेलो. जाळी गुंडाळून नर्सरीत पोहोचवली, गवतावर पाणी मारलं, कोपऱ्यात राहिलेले सत्तावीस बॉल वेचले. वाघ्याला नानांनी आमच्यादेखत सोडला, तो थेट चुलींच्या जागी जाऊन हुंगत बसला. ताईंनी उरलेले पैसे मोजून घेतले, पावती दिली, आणि वर डबाभर तिळाच्या वड्या. निघताना नानांनी विचारलं, पुढच्या वर्षी येताय ना? मी फोनमध्ये बघितलं. पुढचा पौष २० डिसेंबरच्या सुमाराला लागतो आणि १८ जानेवारीपर्यंत आहे. १० आणि ११ जानेवारी, शनिवार-रविवार. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि त्या दोन पानांवर पेन्सिलीने ‘रंगवाले’ असं लिहिलं.